गुलाबी बादलीतला निळा कप

गर्द निळा कप हवाय? मग तो त्या कोपऱ्यातल्या गुलाबी बादलीत बुडवा. काळा हवा असेल तर विटकरी बादली घ्या. आणि हिरवा हवा असेल तर ते राखाडी पाणी दिसतंय ना, त्यात!

खोटं वाटतं ना? पण मातीकामाच्या वर्गात हे दर आठवड्याला घडतं. पुण्यातल्या मुलांच्या अशाच एका वर्गात मी काही रविवार नुसती बघत बसायला जात होते. भिंतीशी झाकणाच्या बादल्यांची रांग होती. प्रत्येक झाकणावर एक नंबर आणि भट्टीतून भाजून काढलेला मातीचा छोटा तुकडा चिकटवलेला. झाकण उघडलं की आत गढूळ पाणी, आणि त्या पाण्याच्या रंगाचा वरच्या तुकड्याच्या रंगाशी काही म्हणजे काही संबंध नाही. नवीन आलेला एक मुलगा सगळ्या बादल्या उघडून बघत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, निळा संपलाय." शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "अरे, तू निळ्यातच हात घालून उभा आहेस!"

ही गंमत समजून घ्यायची असेल, तर आधी बादलीत असतं काय ते बघायला हवं. तो रंग नसतो. ती असते दगडाची पूड. गारगोटी, फेल्डस्पार नावाचं खनिज, खडू, पांढरी चिनीमाती हे सगळं अतिशय बारीक दळून पाण्यात कालवलेलं असतं. त्यात एखाद्या धातूचं संयुग अगदी थोडं घालतात. या मिश्रणाला मातीकाम करणारे ग्लेझ म्हणतात. ते भांड्यावर बसतं, भट्टीत वितळतं आणि थंड झाल्यावर त्याची काच होते. हो, काच! तुमच्या घरातल्या चहाच्या कपावरची चकाकी म्हणजे खिडकीच्या काचेची चुलत बहीणच आहे. फक्त ही काच कारखान्यातून आणून चिकटवलेली नाही, ती भांड्याच्या अंगावरच तयार झालेली आहे.

आता एक करा. घरातला कप घ्या, रिकामा आहे ना ते बघा, आणि उलटा धरा. बुडाला एक गोल कडा दिसेल. बहुतेक कपांची ही कडा बोटाला खरखरीत लागते, चमकत नाही. तेवढ्या जागेवर ग्लेझ नाही. का नसेल? याचं उत्तर लवकरच येईल, तोवर कप जागेवर ठेवून द्या.

वर्गातली मुलं कप बनवून तो वाळवतात, पण वाळलेला कप तसाच बादलीत घातला तर? विरघळून त्याचा पुन्हा चिखल होईल. म्हणून आधी एकदा भाजायचं, साधारण 1000 अंश सेल्सिअसपर्यंत. या पहिल्या भाजणीला वर्गात बिस्क म्हणतात. मातीच्या कणांच्या आत, अगदी तिच्या रचनेतच, पाणी बांधलेलं असतं. उन्हात वाळवून ते जात नाही. भट्टी 500 ते 600 अंशांच्या आसपास पोचली की ते सुटून निघून जातं आणि मग ती माती कितीही भिजवली तरी पुन्हा मळता येत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी आणि खापरं सापडली. लाल अंगावर काळी नक्षी. इतके पावसाळे गेले, पण त्या खापरांचा चिखल झाला नाही.

बिस्क झालेला कप घट्ट असतो, पण आतून सच्छिद्र. त्याच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब टिकतच नाही, बघता बघता आत जिरतो. कान जवळ नेला तर बारीक 'स्स्स' ऐकू येतं. घरी बिस्कचा कप नसेल तर नव्या कोरड्या कुंडीवर करून बघा, आणि मग तसाच थेंब चहाच्या कपावर सोडून बघा. तिथे तो टुमटुमीत बसून राहील.

ग्लेझ लावण्याची सगळी युक्ती या शोषून घेण्यावर उभी आहे. कप बादलीत बुडवला की त्याची भिंत पाणी खेचते. पाणी छिद्रांतून आत जातं, दगडाची पूड मात्र आत शिरू शकत नाही, ती बाहेरच अडकते आणि तिचा सारखा थर बसतो. ग्लेझ दाट ताकाइतकं असलं तर साधारण तीन आकडे मोजेपर्यंत पुरेसा थर जमतो.

वर्गात हे बघायला फार मजा येते. आधी ओल्या स्पंजने कप पुसायचा, कारण धूळ किंवा हाताचं तेल राहिलं तर भट्टीत ग्लेझ त्या जागेवरून मागे सरकतं आणि भांडं तिथे उघडं पडतं. मग बादली ढवळायची. वरवर नाही, पार तळापासून! दगडाची पूड जड, ती खाली बसलेली असते. एक मुलगी दोन्ही हातांनी काठी धरून ढवळत होती आणि तळाचा गाळ वर आला तशी बादली डोळ्यांदेखत दाट झाली. त्यानंतर कपात ग्लेझ ओतायचं, गोल फिरवायचं आणि चटकन पालथं करायचं, म्हणजे आतली बाजू झाली. बाहेरच्या बाजूसाठी कप लोखंडी चिमट्यात धरून बादलीत सोडायचा. सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "एक… दोन… तीन!" आणि कप वर. ओला चकचकीत थर पाच-सहा सेकंदांत कोरडा आणि मळकट होतो, कारण पाणी भिंतीने पिऊन टाकलेलं असतं. चिमट्याचे दात जिथे लागले तिथे ब्रशने थेंबभर ग्लेझ टेकवायचं.

आणि मग सगळ्यांत महत्त्वाचं काम, बूड पुसणं. ओल्या स्पंजने कपाच्या बुडावरचं सगळं ग्लेझ काढून टाकायचं, शिवाय बाजूनेही थोडं वरपर्यंत. आता उलट्या कपाचं कोडं सुटलं का? ग्लेझ भट्टीत वितळतं. बुडाला ते राहिलं तर कप भट्टीच्या फळीला चिकटून बसेल, आणि थंड झाल्यावर ती काच असेल. मग कप सोडवायचा तर तो फोडूनच. ताई प्रत्येक कप उलटा करून तपासतात आणि पुसटसा डाग दिसला तरी परत पाठवतात. त्यांचं हे कडक वागणं मला फार आवडलं. एकाच्या कपाचं ग्लेझ ओघळलं तर ते शेजारच्याच्या कपालाही चिकटतं ना!

सुकलेलं ग्लेझ जमिनीवर सांडलं तर तिथे झाडू मारत नाहीत, ओल्या फडक्याने पुसून घेतात. कोरडी पूड कालवायची असेल तर ताई मास्क लावतात आणि मुलांना लांब बसवतात. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते आणि त्रास देते, म्हणून ही काळजी. वर्गातलं ग्लेझ शिशाशिवायचं असतं. पूर्वी अनेक देशांत ग्लेझ सहज वितळावं म्हणून शिसं घालत, पण ते अन्नात उतरलं तर विषारी ठरतं.

आता दगड वितळतो कसा ते बघू. गारगोटी म्हणजे सिलिका. आपल्या वाळूतही ती भरपूर असते. सिलिकामध्ये सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात, आणि प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला धरून असतो. असं हे सगळीकडे पसरलेलं घट्ट जाळं. ते सोडवायला 1700 अंशांच्या वर उष्णता लागते. वर्गातली भट्टी जाते 1220 अंशांपर्यंत. म्हणजे नुसती गारगोटी लावली तर ती भट्टीतून जशीच्या तशी पूड म्हणून बाहेर येईल. इथे मदतीला येतात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बोरॉन. यांना फ्लक्स म्हणतात. सोडियम किंवा कॅल्शियम त्या जाळ्यात शिरले की सिलिकॉन-ऑक्सिजनचे काही जोड तुटतात, जाळं ढिलं पडतं आणि कितीतरी कमी तापमानाला वितळायला लागतं. कॅल्शियम येतं खडूतून. बोरॉन असतं टाकणखारात, तोच पांढरा खार जो सोनार डाग देताना वापरतात.

पण फ्लक्स जास्त झाले तर पंचाईत! ग्लेझ इतकं पातळ होईल की कपाच्या उभ्या भिंतीवरून वाहून खाली जाईल. म्हणून तिसरा गडी लागतो, ॲल्युमिना. तो चिनीमातीतून येतो आणि वितळलेल्या ग्लेझला दाटपणा देतो. काच करणारा, वितळवणारा आणि धरून ठेवणारा, या तिघांचं प्रमाण जमलं की ग्लेझ जमलं. फेल्डस्पारमध्ये हे तिघंही आधीच एकत्र असतात, म्हणून जगभरच्या कुंभारांचं ते लाडकं खनिज आहे. आणि थंड होताना? वितळलेल्या ग्लेझमधल्या अणूंना ओळीने रचून बसायला वेळच मिळत नाही. जसे विस्कटलेले होते तसेच ते घट्ट होतात. अशा विस्कटलेल्या घन पदार्थालाच काच म्हणतात.

हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? चीनमधल्या कुंभारांना बहुधा भट्टीनेच शिकवलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या लाकडाच्या भट्ट्या 1200 अंशांच्या आसपास तापायला लागल्या होत्या. आगीच्या झोताबरोबर राख उडायची आणि भांड्यांच्या खांद्यावर बसायची. राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियम भरपूर, म्हणजे फ्लक्स. भांड्याच्या मातीत सिलिका आणि ॲल्युमिना होतंच. तिघं भेटले! भट्टी उघडली तर काही भांड्यांच्या वरच्या बाजूला हिरवट काच चमकत होती, खालची बाजू मात्र कोरडी. पुढे कुंभार राख आणि माती पाण्यात कालवून स्वतःच भांड्याला लावू लागले. चुलीतली राख, जी आपण भांडी घासायला वापरायचो, तीच ग्लेझचा मुख्य घटक झाली.

आता त्या गुलाबी बादलीकडे येऊ. तिच्यात कोबाल्ट कार्बोनेट असतं, आणि त्याची पूड जांभळट गुलाबी असते. या पुडीत कोबाल्टच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात. भट्टीत सगळं वितळलं की कोबाल्ट काचेत मिसळून जातो आणि तिथे त्याच्याभोवती उरतात चारच ऑक्सिजन. शेजारी सहाचे चार झाले आणि गुलाबीचा झाला गर्द निळा! धातू तोच, त्याचा रंग ठरवला त्याच्या शेजाऱ्यांनी. मला तर हे सगळ्यांत नवलाचं वाटतं. शिवाय हा कोबाल्ट इतका जोरकस आहे की शंभर ग्रॅम कोरड्या ग्लेझमध्ये एक ग्रॅम घातला तरी कप चांगला निळा होतो.

लोखंडाची तऱ्हा वेगळी. विटकरी बादलीत लोखंडाचं ऑक्साइड असतं, गेरूला लाल करतं तेच. आठ-दहा टक्के असेल तर ग्लेझ काळंभोर किंवा गडद तपकिरी होतं. एक-दोन टक्केच असेल आणि भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवला, तर तेच लोखंड शांत फिक्कट हिरवा रंग देतं. तांब्याची करामत तर आणखी मोठी. भरपूर हवा मिळाली की तांबं हिरवं. पण गॅसच्या भट्टीत मुद्दाम हवा कमी सोडली तर ज्योत ऑक्सिजनसाठी आसुसते आणि तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजनही ओढून घेते. मग काचेत धातूच्या तांब्याचे अतिसूक्ष्म कण उरतात आणि भांडं बाहेर येतं लालबुंद. एकाच बादलीतले दोन कप, एक हिरवा आणि एक लाल, फक्त हवेमुळे!

रंग काचेच्या आत असल्यामुळे तो उडत नाही. बिदरला बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने 1472 मध्ये बांधलेला मदरसा आहे. लातूर-उदगीरकडच्या मुलांना तो लांब नाही, सहलीला जाल तेव्हा जरूर बघा. त्याच्या भिंतींवर ग्लेझ केलेल्या फरशा होत्या. पुष्कळशा गळून पडल्या, पण ज्या टिकल्या आहेत त्यांचा निळा रंग साडेपाचशे वर्षांच्या उन्हापावसानंतरही निळाच आहे. आपल्या घराच्या बाहेरच्या रंगाकडे चार-पाच वर्षांनी बघितलंत, की यातलं कौतुक कळेल.

ग्लेझ लावलेले कप भट्टीत रचताना एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवतात. भट्टीच्या भिंतीत एक छोटं भोक असतं. त्यातून बघण्यासाठी गडद काचेचा चष्मा लावावा लागतो. 600 अंशांना आत मंद लाल उजेड, 1000 ला नारिंगी, 1200 ला पिवळाधमक. भोकासमोर बोटाच्या पेराएवढे तीन-चार सुळके उभे केलेले असतात. त्यांना कोन म्हणतात. ते ग्लेझसारख्याच पदार्थांचे बनवलेले असतात आणि ठरावीक उष्णता मिळाली की कंबरेतून वाकतात. हे हेरमान सेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1886 मध्ये बर्लिनमध्ये तयार केले. तापमापक असताना कोन कशाला? कारण ग्लेझला नुसतं किती तापवलं ते पुरत नाही, किती वेळ तापवलं तेही लागतं. तापमापकाला वेळ कळत नाही. कोन मात्र ग्लेझबरोबर त्याच आगीत बसलेला असतो, त्याला दोन्ही कळतं.

भट्टी बंद केली तरी ती लगेच उघडायची नाही. पूर्ण रात्र, कधी दुसरा अख्खा दिवस थांबायचं. गरम भांड्यांवर थंड हवा गेली तर ती तडकतात. हे थांबणं मुलांना सगळ्यांत जड जातं. नुकतीच काढलेली भांडी टेबलावर ठेवली की कधी कधी टिंग… टिंग… असे बारीक आवाज येतात. काच आणि खालची माती थंड होताना आकसतात, पण सारख्या नाही. काच जास्त आकसली तर तिच्यावर ताण येतो आणि केसाएवढ्या चिरा पडतात. टिंग म्हणजे एकेक चीर पडण्याचा आवाज. जेवणाच्या भांड्यावर या चिरा नकोत, त्यांत अन्नाचे कण अडकतात. पण चीनमध्ये सुंग राजांच्या काळात अशा चिरांचं जाळं मुद्दाम घडवत आणि त्यात रंग भरून ते उठून दिसेल असं करत.

मग सगळ्याच भांड्यांना ग्लेझ लावावं का? आजीची लोणच्याची बरणी बघा. वरून तपकिरी, खाली दुधाळ. लोणच्यातलं मीठ आणि आंबट रस धातूला खातात आणि बिस्कच्या भिंतीतून तेल झिरपतं. काचेला मात्र यांतलं कुणीच काही करू शकत नाही. म्हणून लोणचं वर्षभर राहतं. आता पाण्याचा माठ घ्या. त्याच्या भिंतीतून पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठाला ग्लेझ लावलं तर तो चकचकीत दिसेल, आणि पाणी कोमटच राहील.

वर्गात शेवटी जे चाललं होतं ते मला अजून कुणाला तरी सांगावंसं वाटतं. एका मुलीने विचारलं, "ताई, आपल्या डोंगराचं ग्लेझ होईल का?" सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहत आलेला लाव्हा थिजून तो झाला. जवळजवळ निम्मी सिलिका, बऱ्यापैकी ॲल्युमिना, फ्लक्स म्हणून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि रंगासाठी भरपूर लोखंड. तिन्ही गडी हजर, वर रंगही फुकट! एकदा वितळलेला दगड पुन्हा का वितळणार नाही? ज्वालामुखीच्या खडकाची पूड ग्लेझमध्ये वापरणारे कुंभार जगात खरंच आहेत.

मग खडी फोडतात तिथली काळी भुकटी आणली. ती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळली, आणि बिस्कच्या तुकड्यावर लावून 1220 ला भाजली. तुकडा बाहेर आला गडद तपकिरी, पण खरखरीत. वितळायला नुकती सुरुवात झाली होती, चकाकी आली नव्हती. मुलांनी तो हातात फिरवून फिरवून बघितला. कुणी म्हणालं भट्टी आणखी तापवा, पण ही भट्टी त्याहून वर जात नाही. कुणी म्हणालं आणखी बारीक दळा. आणि मग मागून आवाज आला, "राख घाला की! फ्लक्स!"

आता तीन नवे तुकडे तयार आहेत. शंभर भाग बेसॉल्टला दहा भाग राख, वीस भाग राख आणि तीस भाग राख. राखेचं पाणी हाताला चुरचुरतं, म्हणून हातमोजे घालून कालवलं. प्रत्येक तुकड्याच्या मागे लोखंडाच्या ऑक्साइडने नंबर लिहिलाय, कारण पेन्सिल भट्टीत जळून जाते. वहीतही तेच नंबर आहेत, आणि पुढे एक रिकामा रकाना सोडलाय. मी तीस भागांच्या बाजूने आहे. बरीच मुलं वीसच्या बाजूने आहेत.